चांदी फासलेली आरामखुर्ची

देवाने माणसाला गुडघे दिले, आणि ते दुखू लागल्यावर दया येऊन आरामखुर्ची दिली, असं अप्पांचं ठाम मत होतं. त्यांची खुर्ची दिवाणखान्यात खिडकीशी असे. लाकूड विटलेलं, वेत सैल पडलेला, हातांवर चहाच्या कपांची वर्तुळं. आता समोर राखाडी सोफा आला होता, काचेचं टेबल आलं होतं, आणि काय ठेवायचं, काय काढायचं, हे सांगायला संध्याकाळी इंटिरिअरवाली येणार होती.

"काढायचं" म्हटलं की घरातल्यांची नजर कुठे वळते, हे अप्पांना पक्कं ठाऊक. नव्यात राहायचं तर नव्यासारखं दिसायला हवं! मुलगा-सून पडदे आणायला बाहेर पडताच त्यांनी कंबर कसली. जिन्याच्या कठड्याचा चंदेरी रंग उरला होता. तो त्यांनी खुर्चीला असा चोपडला की तिच्याकडे बघताना डोळे दिपावेत.

मुलगा-सून परतले ते इंटिरिअरवालीला घेऊनच, आणि ती दारातच थबकली. "ताई, तुम्ही पाठवलेल्या फोटोतली जुनी खुर्ची कुठंय? तिच्यावर तर अख्खी खोली बेतलीय मी! नव्या सोफ्याशेजारी एक जुनी, वापरातली वस्तू. रेट्रो!"

सुनेने खुर्चीकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या चंदेरी नखांकडे. "अप्पा!"

"रेट्रो म्हणजे काय गं?"

"जुनं ते सोनं, अप्पा."

"मग मी चांदीवर भागवलं म्हणायचं."

मुलगा हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागला. इंटिरिअरवालीला काही हसू येईना. "आता ही दवाखान्यातली वाटते. काढावीच लागेल."

अप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. "पोरी, कुडी तेवढी बदललीय गं. आत्मा तोच आहे. आतून ती अगदी जुनाट आहे, देवाशपथ!"

सून आत गेली आणि पॉलिश पेपर घेऊन आली. "तुम्ही फासलंत, तुम्हीच घासा. खुर्ची कुठ्ठे जायची नाही. ती गेली तर तुम्ही माझ्या नव्या सोफ्यावर पाय घेऊन बसाल."

अप्पांनी बाह्या सरसावल्या.

"पण फार गुळगुळीत नको हं, आजोबा," इंटिरिअरवालीने हार मानत सांगितलं, "जरा जुनाट दिसू दे."

"त्याची काळजी सोड," अप्पा घासता घासता म्हणाले. "मी बसणारच आहे तिच्यात."