भुयारपाल

दादाने जन्मभर एकच काम केलं. काचेची नळी जाळावर धरायची, ती मेणासारखी झाली की वाकवायची आणि वाकवताना तोंडातल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालायची, म्हणजे वळणावर काच चिमटत नाही. मग त्यात वायू भरून वीज सोडली की दुकानाचं नाव अंधारात लालभडक पेटायचं. गावातल्या न्हाव्यांची, औषधवाल्यांची, हॉटेलांची नावं दादाच्या फुंकरीतून निघाली होती. पुढे बारक्या दिव्यांच्या पट्ट्या आल्या. कात्रीने कापा, भिंतीला चिकटवा, झालं.

कारखान्याचा मालक तसा भला माणूस. म्हणाला, "दादा, तुम्हीही पट्ट्या चिकटवा की. काय कठीण आहे त्यात?"

काहीच कठीण नव्हतं, तेच तर दादाला झेपेना. चार दिवस गेला, मग जायचा बंद झाला.

राहिला तो रविवार. रविवारी दुपारी धाकट्या बहिणीच्या घरी खेळ असायचा. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, बहीण गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस होऊन बोलायचे. कुणाचं जमलं, कुणाचं फसलं, ते फासे ठरवायचे. खेळणारे तिघे. टेम्पोवाला लढवय्या होता. नर्सबाई चोर होत्या. "आठवडाभर लोकांचं भलंच करते, रविवारी तरी चोरी करू द्या," असं त्या म्हणायच्या. तिसरा दादा.

खेळात माणूस पायरीपायरीने वर चढायचा आणि दर पायरीवर त्याला काहीतरी नवं शिकता यायचं. लढवय्या, चोर, वैद्य हे साधे पेशे कुणालाही मिळायचे. पण बहिणीने काही खास पेशे राखून ठेवले होते. ते हवे असतील तर पहिल्या पायरीपासून त्याच वाटेने चालायचं आणि वाटेतल्या बाकी सगळ्यावर पाणी सोडायचं. त्यातला भुयारपाल दादाच्या मनात भरला. हा माणूस अंधारात बघतो, भिंतीला हात लावून पलीकडचं ओळखतो, दगडाखाली त्याला हरवणारा कुणी नाही. मात्र उघड्यावर त्याचा प्रत्येक फासा निम्माच मोजायचा.

झालं, दादाने तेवढाच ध्यास घेतला. बाकीच्यांनी घोडे घेतले, धनुष्यं घेतली, पोहायला शिकून घेतलं. दादा दर पायरीवर दगड, अंधार आणि स्पर्श एवढंच मागत राहिला.

टेम्पोवाला चिडवायचा, "दादा, घोडा नाही, बाण नाही, डबक्यात पडलात तर बुडाल. तुम्हाला आम्ही बरोबर नेतो तरी कशाला?"

"भुयार येऊ दे रे बाबा," दादा म्हणायचा. "मग बोल."

आणि भुयार आलं. दादा भुयारपाल झाला. त्या रविवारी त्याने फासा टाकला, डोळे मिटले आणि खरोखरच बहिणीच्या भिंतीला तळवा लावून म्हणाला, "थांबा. पुढचं छत पोकळ आहे." लढवय्याचा पाय हवेतच राहिला. पुढच्याच क्षणी छत कोसळल्याचं बहिणीने सांगितलं. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. टेम्पोवाला म्हणाला, "दादा, आजपासून तुम्ही पुढे, आम्ही मागे." त्या दिवशी घरी जाताना दादा रस्त्यातल्या भिंतींना हात लावत गेला.

असे काही रविवार गेले. मग भुयार संपलं आणि समोर बंदर दिसलं. बहिणीने विचारलं, "बोला, पुन्हा खाली उतरायचं, की जहाज पकडायचं?"

नर्सबाई म्हणाल्या, "समुद्र! दिवसभर वॉर्डात कोंडून असते मी. इथे तरी वारा लागू दे."

"मलाही भुयारांचा कंटाळा आलाय," टेम्पोवाला डोकं खाजवत म्हणाला. "पण दादांचं काय?"

सगळे दादाकडे बघायला लागले. खाली जाऊ, एवढे दोनच शब्द तोंडातून निघायला हवे होते. पण आपल्यापायी चारचौघांचा विरस करायचा, हे दादाच्या स्वभावातच नव्हतं. शिवाय आपण भिडेने हो म्हटलं तर कुणीतरी म्हणेल, छे हो, तुम्हाला सोडून कसे जाऊ, असंही त्याला आतून वाटत होतं.

"माझं काय," तो म्हणाला. "मला कुठेही चालेल. जाऊ की जहाजावर."

तो थांबला. कुणीतरी बोलेल म्हणून वाट पाहिली.

"बघा! दादाच म्हणाले!" टेम्पोवाल्याने टेबलावर थाप मारली आणि बहिणीने नवा नकाशा पसरला. त्यावर निळ्याशिवाय काही नव्हतं.

समुद्रावर दादाचे हाल झाले. दोर ओढायला गेला तर फासा निम्मा, शीड बांधायला गेला तर फासा निम्मा. लाट आली की पहिला तोच पाण्यात. शेवटी नर्सबाईंच्या चोराने त्याला डोलकाठीला बांधूनच ठेवलं. सगळे पोट धरून हसले. दादाही हसला. पुढच्या रविवारीही त्याला बांधलं, तेव्हा मात्र कुणी फारसं हसलं नाही.

बहिणीच्या ते लक्षात आलं. चहा टाकायला उठली तेव्हा तिने दादाला स्वयंपाकघरात बोलावलं.

"दादा, नियम माझेच आहेत. तुझा पेशा बदलून देते. खलाशी हो."

"आणि इतके दिवस जे जे सोडलं ते?"

"ते आता परत कसं देऊ? बाकीच्यांना काय सांगू? पण नव्याने सुरुवात कर ना. काय कठीण आहे त्यात?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. "मालकही हेच म्हणाला होता," तो म्हणाला.

ती चहा ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

"ते भुयार आहे ना अजून?" दादाने विचारलं.

"आहे की."

"मग मला त्याच्या तोंडाशी उतरवा. मागून काही आलं तर?"

"मागून काय येणार, दादा? तिथे मी आता काही ठेवलंच नाहीये रे."

"असू दे. पहाऱ्याला कुणीतरी हवं."

जहाज मागे वळलं, भुयारपालाला किनाऱ्यावर सोडून पुन्हा निघालं. दादा रविवारी येत राहिला. बहीण आठवणीने आधी त्याला विचारायची, "भुयारपाल काय करतो?"

"पहारा देतो," असं म्हणून तो फासा टाकायचा.

"काही येत नाही," ती म्हणायची आणि गोष्ट बेटांकडे वळायची. मग दादा चहा करायचा, बिस्किटांचा पुडा फोडायचा, कप विसळायचा. नर्सबाईंनी त्यांच्या वॉर्डातली एक मैत्रीण आणली. ती आल्या आल्या खलाशी झाली आणि छान खेळायला लागली. खुर्च्या चारच होत्या, म्हणून दादा आपणहून भिंतीकडच्या स्टुलावर सरकला.

एका रविवारी मागची गोष्ट ऐन वादळात थांबलेली होती. कुणाला दम धरवत नव्हता. बहीण बसता बसताच म्हणाली, "डोलकाठी मोडलीय! पटकन सांगा, कोण काय करतंय?"

एकच कालवा झाला. स्टुलावर बसलेल्या दादाने फासा आधीच मुठीत घेतला होता. वादळ निवलं की बहीण विचारेल, असं त्याला वाटलं. वादळ निवलं. मग बेट लागलं. बेटावर पाऊलखुणा सापडल्या. दादाने एकदा घसा खाकरला.

"पाणी देऊ का रे?" बहिणीने नकाशावरून मान न उचलता विचारलं.

"नको," तो म्हणाला.

ऊन खिडकीतून उतरलं, खेळ आटोपला. टेम्पोवाला फासे डबीत भरता भरता थांबला. "एक कमी आहे."

सगळे टेबलाखाली वाकले. नवी मैत्रीण तर गुडघ्यांवर बसून शोधायला लागली. दादाने मूठ उघडली. फासा घामाने ओला झाला होता.

"अहो, तुमच्याकडे होता होय!" टेम्पोवाला हसला आणि त्याने डबी पुढे केली. दादाने फासा तिच्यात टाकला. तो खडखडत जाऊन एका बाजूवर स्थिरावला. किती पडले ते बघायच्या आत टेम्पोवाल्याने झाकण लावलं.

"येतो गं," दादा म्हणाला.

"पुढच्या रविवारी लवकर ये," बहीण कप गोळा करत म्हणाली. "चहा तुझ्याच हातचा लागतो सगळ्यांना."