सत्तावीस नंबरचा दगड आणि सिंधूताईंचा नळ

मित्रांनो, मी एक जुना खुणेचा दगड आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. दगडाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. सतरा वर्षं एका जागी उभं राहून एकच खोटं सांगावं लागलं असतं, तर तुम्हीही तापला असता. आणि नागपूरच्या मे महिन्यात मी किती तापतो, ते माझ्यावर चुकून बसलेल्या कुत्र्याला विचारा.

माझा जन्म नागपूरजवळच्या खाणीत झाला. मार्तंड नावाच्या दगडफोड्याने मला बाहेर काढलं. त्यात त्याच्या तीन छिन्न्या मोडल्या, चौथी मला नुसती पाहूनच वाकली. खोटं वाटत असेल तर मार्तंडला विचारा. तो आता हयात नाही, हा काही माझा दोष नव्हे. त्याने माझी चारही अंगं सारखी केली, डोकं गोल केलं, छातीवर '२७' कोरलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जाय गा, रेल्वेत लागला तू! आमच्या घरातून आजवर कोणी लागला नाही."

दगडाची छाती फुगत नाही म्हणतात. माझी फुगली होती.

ते साल १९६४. नागपूरची राजधानी जाऊन आठ वर्षं झाली होती आणि त्या जागी 'उपराजधानी' हे नाव आलं होतं. नाव आलं म्हणजे थाटही हवा. म्हणून कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, की शहरातल्या शहरात पळणारी एक खास रेल्वे काढायची. भिवापूरहून मिरचीची पोती घेऊन येते ती छोटी गाडी नव्हे. ती तर रुळावर बकरी बसली तर तिचं रवंथ संपेपर्यंत थांबायची. ही नवी गाडी दर दहा मिनिटांनी सुटणार होती. इतवारीहून सक्करदरा, तिथून धंतोली. सर्वेचे वामनराव साहेब सांगायचे, "इतवारीत चहा कपात घ्यायचा, धंतोलीत उतरून प्यायचा. वाफसुद्धा जाणार नाही!" त्या मार्गाच्या खुणा म्हणून आम्ही साठ दगड बैलगाड्यांतून वरातीसारखे निघालो.

मला नेलं सक्करदऱ्याच्या तलावापलीकडच्या वस्तीत, सिंधूताई आणि देवराव यांच्या अंगणात. देवराव गिरणीत कामाला. वस्तीच्या कोपऱ्यापर्यंत नळाची लाइन नुकतीच आली होती. तिथून आपल्या दारापर्यंत पाइप यावा म्हणून दोघा नवरा-बायकोने आठ दिवस खपून चर खणला होता. पाइप उद्या बसायचा, आणि साहेब आज आले. दुर्बिणीतून पाहून त्यांनी बोट दाखवलं ते नेमकं त्या चरात.

"वा, खड्डा तयारच आहे," साहेब खूश होऊन म्हणाले. "आपले कष्ट वाचले."

आणि मला तिथे रोवलं. मित्रांनो, माझा पहिला राग तिथला आहे.

सिंधूताई धावत आल्या. "साहेब, हे नळासाठी खंदलं हाय. दुसरीकडे लावा ना."

"बाई, इथून गाडी जाणार. दगडाच्या दोन्ही बाजूंना पंचवीस फूट पाइप नाही, भिंत नाही, काही नाही. आणि दगड हलला, तर घरातला माणूस जेलात जाईल."

"मंग पाणी?"

"दोन वर्षं कळ काढा. मग दारात स्टेशन येतंय तुमच्या!"

दारात स्टेशन आलं नाही. सिंधूताई अर्ध्या मैलावरच्या विहिरीवरून डोक्यावर गुंड, म्हणजे मोठी घागर, घेऊन पाणी आणत राहिल्या. सकाळी चार खेपा, संध्याकाळी तीन. दर खेपेला माझ्या डाव्या अंगाने जायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. त्या नजरेने मला दोन ठिकाणी तडा गेला आहे, या, दाखवतो.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात मुक्कामाला येतं. सरकार येणार म्हटलं की रस्ते झाडतात, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो. तेव्हाच वामनराव साहेबही चुन्याची बादली घेऊन यायचे आणि आम्हाला पांढरेशुभ्र करून जायचे. शहर-रेल्वेचं काम जोरात आहे, हे दिसायला हवं ना! चुना कालवायला पाणी लागायचं. साहेब सिंधूताईंच्याच दारात उभे राहायचे, "ताई, जरा बादलीभर पाणी द्या." सात खेपांतली एक खेप दर वर्षी माझ्या अंगावर जायची. जानेवारीत सरकार परत गेलं, की साहेबही गडप. माझ्या अंगावर चुन्याचे एवढे थर चढले, की माझी सावलीदेखील पांढरी पडू लागली होती.

शेजारी गोपाळराव राहत. कचेरीत कारकून, वस्तीत जुने. त्यांच्या अंगणात अठ्ठावीस नंबरचा दगड. त्यांचाही नळ अडलेला. पण गोपाळरावांनी १९६९ साली एका पहाटे त्याला तेल आणि शेंदूर फासला, समोर नारळ फोडला आणि जाहीर केलं, की हा स्वयंभू 'रेलोबा' आहे. आठ दिवसांत घंटा लागली, महिन्यात पत्र्याचं छप्पर. डिसेंबरात साहेब चुना घेऊन आले, आणि चपला काढून हात जोडून उभे राहिले! देवाच्या अंगणात पाण्याची अडचण नको, म्हणून गोपाळरावांना नळ मिळाला.

माझा तर तिळपापड झाला. एकाच खाणीतले आम्ही, एकाच मार्तंडने कोरलेले. तो गुळखोबरं खातो आणि माझ्यावर सिंधूताईंची कोंबडी बसते!

गोपाळराव कुंपणावरून सांगायचे, "सिंधूबाई, काहून त्रास करून घेऊन राहिल्या? चिमूटभर शेंदूर लावा, आठ दिवसांत नळ. मी देतो शेंदूर."

देवरावही एकदा नरमले. सिंधूताई विहिरीवर घसरून पडल्या होत्या, उजवं मनगट मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. देवराव म्हणाले, "सिंधू, हात नको जोडू वं. पाया नको पडू. नुसता रंग फासू. रंगच तं हाय."

"रंगच हाय तं तुमच्या टोपीले फासा ना!" सिंधूताई कडाडल्या. मग आवाज खाली आला. "छप्पन साली पांढरं लुगडं नेसून उभी होती मी त्या मैदानात. लाखो मान्सं होते. दगडाले देव मानणार नाही म्हणून शब्द देल्ला. तो शब्द नळासाठी मोडू? मंग ते पाणी मले गोड लागन का?"

खरं सांगतो, त्या दिवशी मी सिंधूताईंवरच चिडलो होतो. माझा देव व्हायचा होता हो! एका शब्दापायी राहिला. मी मूर्ख होतो. पुढे ऐका.

डिसेंबर १९८१. वामनराव साहेब आले. केस पिकलेले, बादली तीच. सिंधूताई नुकत्याच वाकड्या मनगटाने गुंड उतरवत होत्या.

"ताई, जरा बादलीभर पाणी द्या."

"गाडी कधी येऊन राहिली, साहेब?"

"येतेय, येतेय. काम वेगात आहे."

सिंधूताईंनी गुंड खाली ठेवला, शांतपणे आत गेल्या आणि लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आल्या. साहेब दोन पावलं मागे सरले. त्यांना वाटलं, ती त्यांच्यासाठी आहे. सब्बल माझ्या बुडाशी शिरली.

"अहो सिंधूबाई, जेल होईल!" गोपाळराव कुंपणावरून ओरडले.

"होऊ द्या! तिथं नळ तं असन!"

एकट्या सिंधूताईंच्याने मी हललो नसतो. देवराव ओट्यावर बसून होते. ते उठले आणि त्यांनी सब्बलीला हात लावला. मी निघालो. सतरा वर्षांनी माझ्या पायाला वारा लागला.

मला सायकलरिक्षात घातलं. रिक्षाचे टायर दोनदा फुटले, पण मी पोहोचलो, विधानभवनाकडे निघालेल्या मोर्च्यांच्या गर्दीत. तिथे निवेदनं घेणारा एक तरुण अधिकारी टेबल मांडून बसला होता. दोघांनी मला उचलून त्या टेबलावर ठेवलं. टेबलाचा एक पाय वाकला.

हवालदार म्हणाला, "बाई, निवेदन कागदावर आणायचं असतं."

"कागदं सतरा वर्षं देल्ले. कोणी वाचले नाही. आता हे वाचा."

अधिकारी भला होता, की टेबल मोडेल म्हणून घाबरला होता, देव जाणे. त्याने सत्तावीस नंबरची फाइल मागवली. तासाभराने लाल फडक्यातलं गाठोडं आलं. त्यातला एक कागद त्याने वाचला, पुन्हा वाचला आणि मग मोठ्याने वाचला: "सन १९६६. सदर मार्ग रद्द. सर्व खुणा काढून घ्याव्यात."

रद्द! रोवल्यावर दोनच वर्षांत! मित्रांनो, मी पंधरा वर्षं नसलेल्या गाडीचा पहारा करत होतो.

मागोमाग धावत आलेले वामनराव साहेब घाम पुसत म्हणाले, "मला दर वर्षी चुना लावायचा हुकूम यायचा. काढायचा आलाच नाही."

"अन् तुम्ही कधी विचारलं नाही?" सिंधूताईंचा आवाज चढला नव्हता. "गाडी नाही आली, त्याचा मले राग नाही. माह्या डोक्यावरचं पाणी तुम्ही रद्द झालेल्या दगडाले पाजत होते, साहेब. माह्याच हातून."

साहेबांनी मान खाली घातली ती वर केली नाही. सिंधूताईंनी अधिकाऱ्याला विचारलं, "आता हा दगड कोणाचा?"

"तसा... कोणाचाच नाही."

"मंग माझा."

पंधरा दिवसांत त्याच जुन्या चरातून पाइप आला. मी निघालेल्या जागेतूनच तो वर आला, आणि मला आडवं करून नळाखाली टाकलं. गेली सहा वर्षं सिंधूताई माझ्यावर धुणं धुतात. छातीवरचा दोन झिजला, सात अजून दिसतो. तिकडे खुणा काढायला माणसं आली, तेव्हा अठ्ठावीसला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. त्याच्यापायी गोपाळरावांना अंगणात खोली बांधता येत नाही आणि दारात नारळाच्या शेंड्यांचा ढीग. मला शेंदूर लागला असता, तर मीही कायमचा उभाच राहिलो असतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या मोठं साहेब होईल. दुर्बीण लावाल, नकाशे काढाल, राजधानीला शोभतील अशा गाड्या आणाल. जरूर आणा. पण कोणाच्या अंगणात दगड रोवलात, तर त्याची विचारपूस करायला परत या. आणि बेत बदलला, तर तो दगड स्वतःच्या हाताने उपटा. तोवर त्या घरी पाणी मागू नका.

माझा राग अजून गेलेला नाही. सिंधूताईंचाही नाही. रोज सकाळी त्या ओलं लुगडं धपकन माझ्यावर आपटतात, तेव्हा मला ते छातीवर कळतं.

पण वरून नळ वाहत असतो.