बोलकं पुस्तक

पुष्पलताचा अर्थशास्त्राचा पेपर मागच्या वर्षी राहिला होता, आणि या खेपेला राहिला तर कॉलेज बंद, असं तिच्या बापानं, चंपतरावांनी, सांगून टाकलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण बायको गेल्यापासून घरच्या हातमागासाठी कांड्या भरून द्यायला घरात पोरीशिवाय कोणी उरलं नव्हतं. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो आणि माग थांबला की सगळंच थांबतं, हे नागपुरात विणकरांच्या तांडापेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पुस्तक तिच्याकडे होतं. पुढच्या वर्गातल्या मैत्रिणीनं दिलेलं, जाडजूड, कडेला पेन्सिलीच्या खुणा असलेलं. पंचाईत एवढीच की पुस्तकाला हात लागतात, आणि पुष्पलताचे दोन्ही हात कांड्या भरायच्या चरख्यात गुंतलेले.

इथे शालिकराममामा मधे पडला. इतवारीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तारेतून येईल तेवढंच ज्ञान खरं, असं मानणारा गडी. छापील पुस्तकांचे दिवस भरले, आता पोरं ऐकून पास होतील, असं छातीठोकपणे सांगून त्यानं गिऱ्हाईक परत न आलेला एक टेपरेकॉर्डर घरात आणून ठेवला. एकदा वाचून भरायचं, मग कांड्या भरता भरता हवं तितकं ऐकायचं. चंपतरावांना हे फार पटलं. पुस्तक घेऊन बसलेली पोर कामातून जाते, टेप ऐकणारी जात नाही. पुष्पलताला मात्र पान उलटून मागचं पुन्हा बघायची सवय. टेपात मागं जायचं म्हणजे नुसती किरकिर. तरी ती हो म्हणाली. तिला काही करून पास व्हायचं होतं.

त्या आठवड्यात रोज दुपारी बसून ती हातमागाचा धडा मोठ्यानं वाचून भरत राहिली. माग चालूच होता. तो जरा बंद ठेवावा, असं ना बापाच्या मनात आलं, ना लेकीच्या. मागाच्या घरात मागाचा आवाज कोणाला ऐकूच येत नाही.

रविवारी मामा जेवायला आला आणि जेवणं झाल्यावर त्यानं मोठ्या ऐटीत बटण दाबलं.

आधी नुसतं खटाक-खट, खटाक-खट. मग त्यातून पुष्पलताचा आवाज आला, "हातमाग धंद्याच्या प्रगतीतला मुख्य अडथळा म्हणजे..."

"पुष्पे, कांडी दे वं." हा चंपतरावांचा आवाज.

मग तिची पावलं, चरख्याची कुरकुर, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा तेच वाक्य सुरू. पुन्हा कांडी. मामा पोट धरून हसला. मशीन काय झकास पकडते, म्हणाला. चंपतराव हसले नाहीत. टेपाची बाजू संपली तरी मुख्य अडथळा कोणता, ते काही कळलं नाही.

"मी एवढे आवाज देतो काय वं तुले?"

"देता नं, बाबा. पुस्तकातून ते ऐकू येत नाही. तुम्हाले वाटते, मी वाचून राहिली."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, असं चंपतरावांना वाटलं. त्यांना पोरीपुढे लाज वाटली, आणि मामासमोर जास्तच.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली तेव्हा मागाशेजारी कांड्यांची टोपली भरलेली होती. सकाळपासून बाप स्वतःच चरख्यावर बसला होता. टेपरेकॉर्डर फळीवर कापडाखाली झाकलेला. पुष्पलता पुस्तक घेऊन दाराशी बसली.

दिवस कलता कलता टोपली संपली आणि माग थांबला. पुष्पलता सवयीनं अर्धी उठली. चंपतराव मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, हात मांडीवर ठेवून तिच्याकडेच बघत होते.

"बस. अडथळा काय हाये, ते वाच पयले."

ती बसली आणि तिनं ते वाक्य पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.