हिरवा झालेला स्लॅब

मी टॅब बोलतोय. माझी काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली आहे, आवाज थरथरला तर सांभाळून घ्या. घडलं ते अजून माझ्या गळी उतरत नाही.

अम्मान शहराच्या एका डोंगरउतारावर इस्पितळाची नवी इमारत उभी राहत होती. तिथल्या इंजिनियर रिहाबबाईंच्या हाती मला सोपवलं. नकाशे, वेळापत्रक, मजुरांची हजेरी, सगळं माझ्या पोटात. काम झालं की हिरवा ठिपका, थांबवायचं असेल तर लाल. तो त्याच क्षणी शहरातल्या कचेरीच्या मोठ्या पडद्यावर उमटायचा. काय रुबाब होता माझा! माणसं समोरच्याशी बोलता बोलता माझ्याकडेच बघायची.

मुकादम अबू वस्फी चिडवायचे, "इंजिनियरबाई, नवऱ्याच्या तोंडाकडे तरी एवढं बघता का हो?"

"तो रागावला तरी लाल होत नाही ना, काका!"

त्या आठवड्यात बर्फ पडला. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबनं थंडीमुळे पकडच घेतली नव्हती. बाईंनी माझ्यावर बोट टेकवलं. लाल. खालचे टेकू काढायचे नाहीत.

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ठिपका हिरवा झाला.

गार बोट चुकलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा लाल केला. पुन्हा हिरवा! त्यांनी कचेरीत फोन लावला. प्रकल्प सांभाळणारे कुसै साहेब शांतपणे म्हणाले, "मीच केला. उद्या मालक पडदा बघायला येतायत. त्यावर लाल नको."

"अहो, स्लॅब कच्चा आहे! खाली माणसं आहेत!"

"टेकू काढायचा निरोप त्यांच्या मोबाइलवर गेलासुद्धा."

बाई मला घेऊन धावत सुटल्या. खाली निम्मे टेकू निघालेले. "बाहेर व्हा! सगळं टाका, बाहेर!" अबू वस्फींनी कारण विचारलं नाही. एकेकाला दंडाला धरून त्यांनी बाहेर ढकललं. वर काहीतरी कडाडलं. मी बाईंच्या हातून उंबऱ्यापाशी पडलो, आणि सगळं छत खाली आलं.

धुरळ्यात माझ्यावर अक्षरं उमटली, आपोआप: 'अभिनंदन! काम वेळेत पूर्ण.'

बाईंनी ती वाचली. मग त्या माणसं मोजू लागल्या.

सगळे वाचले होते. शेवटी निघालेल्या अबू वस्फींचा पाय तेवढा अडकला होता. त्यांना स्ट्रेचरवर घेत असतानाच कुसै साहेब पोहोचले. सिमेंटनं पांढऱ्या झालेल्या ओठांनी अबू वस्फी म्हणाले, "या ना साहेब, आत या. हिरवं आहे सगळं."



अबू वस्फींचा पाय कापावा लागला. बाईंनी सरकारी वकिलांसमोर सगळं सांगितलं. मी आता पुरावा म्हणून वकिलांच्या कपाटात, मोहोर लावलेल्या पिशवीत पडून आहे.

माझी भावंडं आज कितीतरी इमारतींवर, कुणाकुणाच्या हातांत आहेत. त्यांना जरूर वापरा. पण कुणी दिलेला रंगच आम्ही दाखवतो, बाबांनो. आम्हाला छत दिसत नाही. तुम्हाला दिसतं.