चाच्याला आहेर

आदेश डुंबरेनं अंतराळात आजवर पुष्कळ जहाजं अडवली होती आणि त्यातलं एकही लुटलं नव्हतं. उलट दोन जहाजांना त्यानं धक्का मारून तळापर्यंत पोचवलं होतं, एकाला वाटेत इंधन दिलं होतं, आणि घोडेगावच्या आरोही नावाच्या मुलीला तर एका ग्रहाभोवतीच्या दगडधोंड्यांतून सोबत म्हणून पार सोडून आला होता. ती म्हणाली होती, "पुढं चाचे असतात म्हणे." चाचा तोच होता. पण तसं सांगायची सोय उरली नव्हती, कारण तोवर ती त्याच्या चुलतभावाची मेव्हणी निघाली होती.

गेमचं नाव इंग्रजीत आणि लांबलचक होतं. ओतूरला सगळे नुसतं 'अंतराळ' म्हणायचे. त्यात कुणी खाणी खणायचं, कुणी माल वाहायचं, कुणी व्यापार करायचं. आदेशनं चाचा व्हायचं ठरवलं. काळं जहाज घेतलं, त्यावर कवटी काढली आणि स्वतःचं नाव ठेवलं 'यमदूत'. अडचण एवढीच होती की नेट अडकू नये म्हणून गेम जवळजवळच्या लोकांना एकाच भागात टाकायचा. त्यामुळे आदेशच्या वाट्याला जे अथांग, अनंत, काळंकुट्ट अंतराळ आलं होतं, त्यात जुन्नर आणि आंबेगाव हे दोनच तालुके होते. मालवाहू जहाजं तर बहुतेक आळेफाट्याच्या ड्रायव्हर मंडळींची. दिवसभर नाशिक रोडला खरा ट्रक हाणायचा, आणि विरंगुळा म्हणून आभाळात दुसरा ट्रक हाणायचा. लांबच्या भागात जाऊन एखादा अनोळखी माणूस लुटावा, तर तिथं नेट पुरायचं नाही. जहाज जागच्या जागी थिजायचं आणि येणारेजाणारे त्यावर जाहिराती चिकटवून जायचे.

आणि इथं जवळ ज्याला अडवावं तो आधी गाव विचारायचा.

खरं तर आदेशला माल नकोच होता. ओतूरच्या स्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीला मोबाइल कमी यायचे, पिशव्या जास्त. "आदेश, जरा लक्ष ठेव, आलोच," म्हणून लोक त्याच्याकडे पिशव्या ठेवायचे, हेल्मेट ठेवायचे, खताच्या गोणी ठेवायचे. एकदा एक जण स्वतःची सासू ठेवून गेला होता. ती संध्याकाळपर्यंत बसली आणि जाताना दुकानात उजेड कमी आहे म्हणाली. आदेशला नाही म्हणता यायचं नाही. चांगदेवचं पोरगं लई गुणी, असा त्याचा लौकिक होता, आणि त्या लौकिकानं त्याची मान मोडायला आली होती.

म्हणून गँग. 'काला भुजंग' नावाच्या चाच्यांच्या गँगमध्ये त्याला जागा मिळाली होती. गँगचा कमांडर कानपूरकडचा होता. तिथं आदेश कुणाचा मुलगा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी त्याला काही धरायला सांगत नव्हतं, कुणाला स्टँडवर सोडायला सांगत नव्हतं. एकदा तर कमांडर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "यमदूत, तेरी आवाज़ में दम है." हे वाक्य आदेशनं पुढं कितीतरी दिवस चार्जरच्या वायरी जोडताना मनात घोळवलं होतं. घरी कुणी त्याच्या आवाजाबद्दल काही बोललं नव्हतं. दळण आणायला सांगताना आवाजाचा संबंध येत नाही.

पण आता कमांडरचा धीर सुटला होता. त्यानं निरोप टाकला होता: रविवारी संध्याकाळी सहापर्यंत एक लूट, नाहीतर बाहेर.

लूट कशाला म्हणायचं हेही गेमनं पक्कं ठरवलेलं होतं. चाच्यानं जहाज अडवलं की मालकासमोर दोन बटणं यायची. मालकानं हिरवं दाबलं, म्हणजे माल आपखुशीनं दिला. त्याची नोंद 'भेट'. लाल दाबलं, म्हणजे नाही म्हणाला. मग चाच्यानं आत घुसून, झोंबून जे घ्यायचं ते घ्यायचं. त्याची नोंद 'लूट'. आदेशला आयुष्यात एक माणूस हवा होता, जो त्याला नाही म्हणेल.

रविवारी दुपारनंतर त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, कॉम्प्युटर लावला आणि मनाशी एकच ठरवलं: बोलायचं नाही. सगळं लिहून करायचं, तेही हिंदीत. बोललं की नातं लागतं.

सव्वापाचच्या सुमाराला एक मालवाहू जहाज दिसलं. जहाज कसलं, वरातच ती. पुढं लिंबू-मिरची, बाजूला गोंडे, चहूबाजूंनी लुकलुकणारे दिवे आणि मागं लिहिलेलं, 'बघतोस काय, रस्ता दे'. अंतराळात रस्ता नव्हता, पण आदेशनं तो अडवला. तोफ रोखली आणि लिहिलं, 'माल निकालो.'

"काय लिवलंय?" जहाजातून आवाज आला. "चष्मा गाडीत ऱ्हायला, भाऊ. तोंडानं बोला."

आदेशनं तेच मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"मोठं लिवून काय उपेग? चष्मा चालत येतोय व्हय?"

शेवटी त्यानं माइक चालू केला आणि घसा खरवडून कमांडरसारखा आवाज काढला. "माल निकालो." समोरचा माणूस वडिलांच्या वयाचा वाटत होता, म्हणून जिभेनं आपणहून पुढं जोडलं, "काका."

"काका? मग मराठीच की. गाव कुठलं?"

"चाच्याला गाव नसतं."

"नसतं कसं? मागं ते 'जुन्नर, जुन्नर' कोण वरडतंय? ओतूरचा स्टँड हाय त्यो. त्या कंडक्टरचा आवाज मी झोपंत वळखीन. आडनाव?"

लाखो मैलांच्या पोकळीत, तोफ रोखलेली असताना, आदेशनं आडनाव सांगितलं. विचारल्यावर न सांगणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"डुंबरे. कुणातला?"

"चांगदेवचा."

"म्हंजी साळुबाई तुझी आत्या. तिची धाकटी जाऊ माझी सख्खी भन. मी दादाभाऊ, आळेफाट्याचा. मग मी तुला मामाच लागलो की रं."

आदेशनं टेबलावर कपाळ टेकवलं. टेबलावर कुणीतरी ठेवून गेलेला फ्लॉवर होता, त्यामुळे लागलं नाही.

"मामा," तो तसाच म्हणाला, "मला तुम्हाला लुटायचंय."

"लूट की. कोण न्हाई म्हणतंय?"

"तेच तर. तुम्ही नाही म्हणायला पाहिजे."

पण तोवर दादाभाऊंनी हिरवं बटण दाबलंही होतं. भाच्याला रिकाम्या हातानं लावून द्यायची त्यांच्यात रीत नव्हती. जहाजातलं सगळं लोखंड, सगळं तांबं, कसलेतरी निळे खडे, सगळं आदेशच्या जहाजात येऊन पडलं. पडद्यावर फुलांचा सडा पडला, सनई वाजली आणि अख्ख्या गँगला बातमी गेली, 'यमदूत को भेंट मिली.'

'यह क्या है,' कमांडरनं लिहिलं.

'टेक्निकल प्रॉब्लेम,' आदेशनं लिहिलं.

मग त्यानं दादाभाऊंना सगळं नीट समजावलं. गँग, कमांडर, सहा वाजता, लाल बटण. दादाभाऊंनी मनापासून ऐकलं. माणूस मदतीला कधी मागं सरणारा नव्हता, तीच पंचाईत होती.

"सोपंय की. तू म्हणायचं माल द्या, मी म्हणायचं न्हाई आन लाल दाबायचं."

"हां. घ्या. माल द्या."

"न्हाई," दादाभाऊ म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "मगाशी दिला त्यो पुरला ना पण?" आणि त्यांच्या बोटानं सवयीनं हिरवं दाबलं. या खेपेला इंधनाच्या टाक्या आल्या. सनई वाजली.

"मामा."

"चुकलं. परत म्हण."

"माल द्या."

"न्हाई म्हंजी न्हाई. च्या घेतला का तू?" हिरवं. जहाजातली जीवरक्षक होडी आली. सनई.

कमांडरनं नुसती तीन प्रश्नचिन्हं पाठवली. सहाला वीस मिनिटं उरली होती. आदेश रडकुंडीला आला. "मामा, एकदा. एकदा मला शिवी द्या आणि लाल दाबा."

"पोराला शिवी कशी दिऊ, राव. तू काय केलंय?"

"मी तुम्हाला लुटतोय."

"इतक्या गोडीनं कोण लुटतंय का?"

एवढ्यात मागून बाईचा आवाज आला. दादाभाऊंची बायको रत्ना. "कवाधरनं ती सनई वाजतीय. कोणाचं लगीन हाय?"

"चांगदेवचं पोरगं हाय गं. त्याला न्हाई म्हणायचंय, मला जमंना."

"एवढंच ना. सरका तिकडं," रत्नामामी म्हणाल्या. "मला रोज सराव हाय." आणि त्यांनी लाल दाबलं.

आता दादाभाऊंनी लाल बटण कधीच दाबलेलं नसल्यामुळे, ते दाबल्यावर जहाजावरच्या तोफा आपोआप सुटतात हे त्यांना माहीत नव्हतं. तोफा त्यांनी शोभेसाठी बसवल्या होत्या. ट्रकला हौसेनं हॉर्न बसवावेत तशा, पुढं, मागं, वर, खाली, जागा दिसेल तिथं. त्या सगळ्या एकदम सुटल्या. काळं जहाज, त्यावरची कवटी आणि 'यमदूत' हे नाव यांची क्षणात रांगोळी झाली.

"अगं बया," रत्नामामी म्हणाल्या. "पोरगं कुठं गेलं?"

आदेश तळावर परत जन्मला. जहाज गेलं की गेम एक फुकटचं देतो. मातकट रंगाची मालवाहू होडी, तोफ नाही, पुढं काच पुसायचे दोन वायपर. मिळालेल्या भेटी मात्र गेमनं इमानदारीनं त्या होडीत भरून ठेवल्या होत्या.

कमांडरचा निरोप आला. 'यमदूत बाहर.' आदेश ते वाचत होता तोवर खाली दुसरा निरोप आला. 'यह दादाभाऊ कौन है? एक बार में उड़ा दिया. गैंग में एक जगह खाली है.'

मोबाइल वाजला. दादाभाऊंनी आत्याकडून नंबर मिळवला होता.

"आदेश, वाईट नको वाटून घिऊ. त्यो तुझा कमांडर मला ये म्हणतोय. म्हणला, असा नेमबाज बघितला नाय. पण जागा तुझी हाय. तू म्हण, मी त्याला न्हाई म्हणतो."

आदेशला म्हणायचं होतं, नका जाऊ. एवढी एकच जागा होती जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. बारा गावची माणसं तुम्हाला ओळखतात, तुम्हाला काय कमी आहे. हे सगळं त्याच्या घशापर्यंत आलं. तोंडातून आलं ते असं, "छे छे, जा ना मामा. त्यात काय एवढं."

"लई गुणी हाईस बघ," दादाभाऊ म्हणाले. "बरं, त्यो म्हणतोय सहाच्या आत एक लूट पायजे. तू आत्ता कुठं हाईस?"

"तळाच्या बाहेर. डावीकडं," आदेश म्हणाला. विचारल्यावर न सांगणं जमत नव्हतं ते नव्हतंच.

लुकलुकत, गोंडे हलवत ते जहाज आलं आणि मातकट होडीच्या पुढ्यात आडवं थांबलं.

"माल निकाल बे," दादाभाऊ म्हणाले. सगळा देश ट्रकनं पालथा घातलेल्या माणसाची हिंदी होती ती.

"मामा, मी आहे."

"वळखलं. चल लवकर, टाइम नाय. लाल दाब."

आदेशनं पडद्याकडं पाहिलं. होडीत लोखंड होतं, तांबं होतं, निळे खडे होते. लुटीचं नसेना का, इतक्या दिवसांत अंतराळात त्याला मिळालेलं तेवढंच होतं. आधी जागा गेली, आता हेही जाणार, आणि नेणारा माणूस त्यालाच बटण दाबायला सांगत होता.

"नाही," तो म्हणाला. "नाही देत. भेट दिलेली परत मागता? नाही म्हणजे नाही."

आवाज असा निघाला की स्टँडवरच्या कंडक्टरनं 'जुन्नर' अर्ध्यात सोडलं. आदेशनं लाल बटण दाबलं, दाबूनच धरलं. होडीच्या अंगी जेवढी ताकद होती ती सगळी एकवटून दोन्ही वायपर हलले.

दादाभाऊ आत शिरले आणि त्यांनी सगळं उचललं. लोखंड, तांबं, खडे, टाक्या, आपली जीवरक्षक होडी, आणि जाता जाता एक वायपरही. सनई वाजली नाही, नगारा वाजला. 'दादाभाऊ की पहली लूट.' गँगमध्ये सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. कमांडरनं लिहिलं, 'दादाभाऊ, आवाज़ में दम है.'

"भाच्याचं घिऊ नये हो," मागून रत्नामामींचा आवाज ऐकू आला.

"घेतलं कुठं, लुटलं," दादाभाऊ म्हणाले, आणि आदेशला म्हणाले, "झ्याक न्हाई म्हणलास. असाच ऱ्हा. पुढल्या रविवारी परत करू."

जहाज निघून गेलं. पडद्यावर गेमनं विचारलं, तुम्हाला लुटणाऱ्या चाच्याचा अनुभव कसा वाटला, तारे द्या.

आदेशनं माऊस एका ताऱ्यावर नेला. मग पाच दिले. मामाच होते.