तुळईखालचं बोलणं

वैशाखातल्या त्या संध्याकाळी सोलापुरात नुसती धूळ उडाली. चाटी गल्लीतल्या मल्लप्पाच्या कापडदुकानाची पाटी खाली आली, एवढंच. पण त्याची बायको पार्वतम्मा वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला माळवदावर गेली होती. अक्कलकोटच्या अंगाला ढगातून काळी सोंड जमिनीपर्यंत लोंबताना तिनं पाहिली. तिकडंच तिचं माहेर होतं.

सकाळी दूधवाला बातमी घेऊनच आला. "कुंभारीच्या पलीकडं वारं खाली उतरलं, वैनी. वस्त्या झाडून नेल्यात."

मल्लप्पा म्हणाला, गाडी ठरवून मागोमाग येतो. ती थांबली नाही. लेकीला सासूच्या ओटीत टाकून तिनं एसटी गाठली. एसटी कुंभारीपर्यंतच गेली. पुढं रस्त्यावर बाभळी आडव्या पडल्या होत्या. ती चालत सुटली. बरंच चालल्यावर ध्यानात आलं की वस्तीचा फाटा मागंच राहिला. फाट्यावरची चिंच नव्हती. जिच्याकडं बघून आजवर वळायचं, तिच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात वर आलेली मुळं. ती मागं फिरली. वाटेत एका बाभळीला पत्रा लुगड्यासारखा गुंडाळलेला होता. विहिरीत कडबा तरंगत होता. माणूस कुठं दिसेना.

वस्तीवर घरं नव्हती, मातीचे ढीग होते. एका ढिगापाशी तिचे वडील गुरुबसप्पा दगडावर बसले होते.

"अप्पा!"

म्हाताऱ्यानं मान वर केली. "आलीस? अव्वा हाय तुजी. जित्ती हाय." मग म्हणाला, "मल्लव्वा गेली."

पार्वतम्मानं शेजारच्या ढिगाकडं पाहिलं.

मल्लव्वा शेजारीण. दोन्ही घरांची भिंत एक होती. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मल्लव्वा आणि पार्वतम्माची आई काशम्मा एकाच भाकरीतून खायच्या. पार्वतम्मा निम्मी तिच्याच घरी वाढली. मल्लव्वाच्या मनात होतं, पोरगी आपल्या लेकाला, शिवप्पाला करायची. गुरुबसप्पानं शहरातलं दुकानदाराचं स्थळ पाहिलं. लग्नाचं आवतण मल्लव्वानं उंबऱ्यावरूनच परत केलं, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. पुढं काशम्माला लकवा झाला, उजवं अंग गेलं, तरी मल्लव्वानं तोंड उघडलं नाही.

काशम्माची खाट पडक्या गोठ्याच्या आडोशाला ठेवली होती. शेजारी चादरीखाली मल्लव्वा. लेकीला बघून काशम्माचा डावा हात वर आला. तिचं बोलणं जड होतं, पण पार्वतम्माला कळायचं.

"तुजा अप्पा रानात हुता. शंबर जाती एकदम फिरल्यागत आवाज आला. मला उटता येतंय व्हय? तेवढ्यात मल्लव्वा आत आली. एक शबुद न्हाय. खाटंवरनं वडली मला, कोपऱ्यात जात्यापाशी टाकली आन् अंगावर पडली. मागनं तुळई आली, तिच्या पाटीवर."

"लगेच गेली का गं?"

"न्हाय की. अंधारात बोलत हुती. इतक्या वर्साचं सगळं बोलली." काशम्मानं डाव्या हातानं तोंड पुसलं. "पारीला काय झालं म्हनली. मी म्हनलं, पोरगी. नाक कुनावर गेलंय, म्हनली. मी म्हनलं, आमच्यावरच. तर हासली बग. मग म्हनली, शिवा आला तर सांग, भाकरी दुरडीत हाय, ताक शिंक्यावर. मग म्हनली, काशे, तुला जड हुतंय का? मी न्हाय म्हनलं. त्येच्या म्होरं बोलली न्हाय. लोक येस्तवर मी हाका मारत हुते."

पार्वतम्मानं चादर बाजूला केली. मल्लव्वाच्या केसांत माती होती. तिनं घागरभर पाणी मागितलं, पदर खोचला आणि ते केस धुवायला घेतले. लहानपणी मल्लव्वा तिची वेणी घालताना केस ओढायची, तेव्हा ती ओरडायची. आता तिनं हळू हात चालवला, जणू दुखेल.

दुपारी शिवप्पा आला. माढ्याला आडत दुकानात कामाला होता. निरोप मिळाला तसा निघालेला. आईकडं बघून उभाच राहिला. गुरुबसप्पा हात जोडून पुढं झाला. "शिवप्पा, तिला माझ्या मळ्यात मातीत ठिवू. वरनं दगडी ओटा बांदतो."

"नको काका. आमच्या अप्पाला जिथं ठिवलंय, तितंच ठिवू." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण म्हाताऱ्याचे हात तसेच जोडलेले राहिले.

पार्वतम्मानं त्याला बाजूला घेतलं. "मावशीनं निरोप ठेवलाय तुला."

"काय?"

"भाकरी दुरडीत हाय. ताक शिंक्यावर."

शिवप्पानं घराकडं पाहिलं. तिथं ना शिंकं, ना आढं. इतका वेळ कोरडा राहिलेला तो गडी ढिगावर बसला आणि लहान पोरासारखा ओरडून रडला.

कुंभारीहून स्वामी आले. लिंगायत रीतीनं मल्लव्वाला बसती करून, कपाळभर विभूती लावून खड्ड्यात ठेवलं. काशम्मानं हट्ट धरला म्हणून चौघांनी तिची खाट तिथवर नेली. डाव्या हातानं तिनं माती लोटली. निम्मी तिच्याच लुगड्यावर सांडली.

उन्हं कलल्यावर मल्लप्पा टेंपो घेऊन आला. काशम्माला उचलून आत ठेवलं. गुरुबसप्पा चढेना.

"अप्पा, चला की. हितं काय राहिलंय?"

"ह्यो पोरगा हाय की हितं. येकटा बसंल." त्यानं शिवप्पाकडं बोट केलं. "तुमी जावा."

टेंपो हलला. पार्वतम्मानं मागं वळून पाहिलं. उडून आलेला एक पत्रा दोघंजण दोन टोकांना धरून पडक्या गोठ्यावर टाकत होते. मांडीवर आईचं डोकं होतं. पार्वतम्मानं तिच्या अंगावर पदर ओढला आणि मग, कुणी ऐकत नाही असं बघून, आपणही रडून घेतलं.