पिवळी चिंधी

"पुष्पा, कोणता वावरमातली सरकी शे ही?" केसरबाईंनी टोपलीत हात घालत विचारलं.

"सरवानी शे, अक्का. तारना वावरमातली." पुष्पाबाईने टोपली ओट्यावर टेकवली. "छगन राखण करस तठे. पण सरवाले कोणी ना म्हणस का?"

खरंच कोणी म्हणत नाही. वेचणी उरकली की झाडांवर जो कापूस राहतो तो ज्याला हवा त्याने वेचून न्यायचा, हाच सरवा. पारोळ्याच्या आसपास मालक कितीही चिक्कू असो, सरव्याला आलेल्या बाईला हटकत नाही. बायका घरी बसून त्या कापसातली सरकी हाताने काढतात, केसरबाईंना देतात आणि बदल्यात तेल नेतात. केसरबाई ती सरकी मोतीलालच्या तेलमिलमध्ये गाळतात, निघालेलं तेल तिथेच धुऊन घेतात आणि आठवडे बाजारात विकायला बसतात.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनाही नाही. म्हणून नवऱ्यामागे धंदा हातात घेतला तेव्हाच त्यांनी डब्याच्या गळ्यात चिंधी बांधायला सुरुवात केली. लाल म्हणजे शेंगदाणा, पांढरी म्हणजे सरकी. काळी म्हणजे जुनं किंवा मिसळलेलं, फक्त दिव्यात घालायचं. स्वतःच्या हाताने काळी चिंधी बांधून गिऱ्हाईक घालवणारी बाई, म्हणून मोतीलाल त्यांची थट्टा करायचा. पण केसरबाईंची चिंधी पाहिली की लोक वास न घेता बाटली पुढे करत. हळूहळू बाजारातल्या इतर तेलवाल्यांनीही त्याच रंगांच्या चिंध्या उचलल्या. केसरबाई मनातून सुखावल्या होत्या. का नाही सुखावणार?

अठ्ठ्याण्णव सालचा हिवाळा होता तो. घरोघरी वांगी भाजली जात होती आणि भरताला तेल लागतंच. त्या बाजारी केसरबाईंचा अर्धा डबा दुपारपर्यंत खपला. डबा घेऊन त्या घरी आल्या तर छगन दारातच उभा. तारेच्या कुंपणातल्या शेताचा हा राखणदार एरवी बडबड्या, आज मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अक्का, पुष्पानी सरकी तुले दिधी का?"

"दिधी. तेल बी व्हयनं. अर्धं इकाई गयं."

छगनने आजूबाजूला पाहिलं. "ते कंपनीनं वावर शे. उद्या बठ्ठं जाळी टाकतीन. साहेब म्हणे, एक बोंड बी बाहेर जावाले नको. मी सरवाना बाया सोड्यात, अक्का. माले काय माहीत? कोणले सांगू नको. मनी नोकरी जाई."

सकाळी केसरबाई शेतावर गेल्या. बांधावर पाटी होती, तिच्यावर नुसता आकडा. आत उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग धडधडत जळत होता. आसपासच्या वावरांत अळीने बोंडं पोखरलेली. या ढिगातली मात्र एकूण एक बोंडं धड.

कंपनीचा साहेब धुळ्याच्या देवपुरातला, कोवळा पोरगा. त्याने अदबीने सांगितलं, "मावशी, या बियाण्यात अळी मारणारा गुण बाहेरून घातलाय. अळीनं बोंड खाल्लं की ती मरते."

"आनि मानसानं खाल्लं तर?"

"माणसाला काही होऊ नये. तपासण्या चालू आहेत." त्याने एकदम वळून पाहिलं. "का? कोणी खाल्लंय का?"

छगन पलीकडे काठीने आग सारत होता. त्याचा हात थांबला.

"नही, सहज इचारं," केसरबाई म्हणाल्या. "हे बाजारमा येई तवय डबावर लिखशात का?"

"लिहून काय होणार? लोक नाव वाचूनच घाबरतील. ज्याचं उत्तर अजून आमच्यापाशीच पुरतं नाही, त्याची भीती लोकांना कशाला द्यायची?"

तो खोटं बोलत नव्हता, हे केसरबाईंना कळलं. म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटली.

तिथून त्या तडक मिलवर गेल्या. मोतीलालने हात झटकले. "तुझी सरकी काय सोन्याची होती, वेगळी गाळायला? टाकीत सगळं एक होतं. तेच तेल बाजारात तुझ्यासमोर बसणाऱ्या गिरधरनं नेलं, छापील कागद चिकटवलेल्या डब्यांतही तेच भरलं. आता कुठलं कुठलं शोधू?"

घरी आल्या आल्या त्यांनी सुनेला बजावलं, "रुक्मा, या डबाले हात लावू नको." मग जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून हळदीत बुडवला आणि वाळत घातला.

पुढच्या बाजारी त्यांच्या डब्याच्या गळ्यात पिवळी चिंधी होती.

"हाई कोणतं तेल, अक्का?" नेहमीच्या तानुबाईने विचारलं.

"सरकीनं."

"मंग पांढरी का नही?"

"यानामा काय शे ते माले माहीत नही. कोणलेच माहीत नही. काही व्हई बी, नही बी. तू ठराव."

तानुबाईने बाटली पुन्हा पिशवीत घातली. तिच्यामागची बाईही सरकली. समोर गिरधरकडे झुंबड उडाली होती. त्याच्या डब्याला पांढरी चिंधी होती, केसरबाईंच्याच पद्धतीची, केसरबाईंच्याच गाठीची. मोठ्याने ओरडावं असं त्यांना फार वाटलं. पण ओरडून सांगायचं काय? विष आहे म्हणून? ते तरी कुठे माहीत होतं? आणि सरकी कुठली, हे सांगितलं तर छगनचं घर उघड्यावर पडत होतं. संध्याकाळी त्या उरलेला अर्धा डबा तसाच परत घेऊन निघाल्या.

घराला भरताचा वास येत होता. चुलीपाशी नात जेवत होती. भरतावर तेलाचा तवंग होता.

"तेल कोठून लयनी, रुक्मा?"

"गिरधरकडथून," सून भाकरी थापत म्हणाली. "तुमना डबाले हात लावू नको म्हणेल व्हतं ना? मी काय येडी शे का, आई? पांढरी चिंधी देखीसनच लिधं."

नातीने तेलाने माखलेली बोटं चाटली आणि ताटली पुढे केली. "आजी, आजून दे ना."

केसरबाईंनी पिवळ्या चिंधीचा डबा कोपऱ्यात ठेवला. ताटलीकडे पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला आणि नातीची बोटं आपल्या पदराने पुसत राहिल्या, एकेक करून, परत परत.